बागेसाठी पाच लाखांचं काय सुचवायचं? (बाकडी सोडून)

सोनचाफा

पुणे महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाचे अर्ज सुरू झालेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००६ पासून पुण्यात ही सोय आहे. आपल्या प्रभागातलं एखादं छोटं काम आपण सुचवायचं, एका कामाला पाच लाखांची मर्यादा, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा नाहीतर ऑनलाइन भरायचा. मान्य झालं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं.

आमच्या भागातल्या चार सोसायट्यांनी मिळून यंदा बागेसाठी काहीतरी सुचवायचं ठरवलंय. 'काहीतरी' इथपर्यंत एकमत आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आतापर्यंत आलेल्या सूचना: आणखी बाकडी, सेल्फी पॉइंट, ट्रॅकला पेव्हिंग ब्लॉक, बंद कारंजं सुरू करा, सकाळी भक्तिगीतं लावायला स्पीकर, आणि परत बाकडी. बाकडी आत्ताच इतकी आहेत की काहींची तोंडं थेट कंपाउंडच्या भिंतीकडे करून ठेवलीत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ते कुणाच्या निधीतून आलं त्याचं नाव.

बागेचं नाव मुद्दाम देत नाही. शहरातल्या निम्म्या बागांना हे वर्णन चालेल: एकराहून थोडी कमी जागा, कडेने चालायचा ट्रॅक, एका कोपऱ्यात खेळणी, दुसऱ्यात ओपन जिम, मधोमध कोरडं कारंजं. सकाळी अकराला बंद होते, चारनंतर उघडते.

सुचवा. पण कारणासकट सुचवा, मला ते आमच्या गटात पटवायचंय.

कोपऱ्यावरचा

कारंजं. पोरांना आवडतं, संध्याकाळी गारवा येतो, बागेला बाग असल्यासारखं वाटतं. एवढं बांधलेलं आहे ते फुकट का घालवायचं?

गणिताचे_सर

कारंज्याला जाहीर विरोध. सुरू झालं की पहिले काही आठवडे सगळे मोबाइल घेऊन उभे, मग पंप जळतो, मग त्यात पावसाचं पाणी साठतं, मग डासांच्या अळ्या. त्यानंतर धूरफवारणीवाल्यांना आपणच फोन करायचा. कारंजं दुरुस्त करायला निधी मिळतो, चालू ठेवायला मिळत नाही.

टँकरग्रस्त

लोकहो, जरा भान ठेवा. आमच्या सोसायटीत फेब्रुवारीपासून टँकर येतात. रस्ते खोदलेले. आणि तुम्ही बागेत काय बसवायचं त्यावर वाद घालताय? आधी पाणी, रस्ते, ड्रेनेज. बाग ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे.

अंदाजपत्रक_वाचक

@टँकरग्रस्त, तुमची तळमळ पटते, पण हिशेब चुकतोय. २०२५-२६ चं मनपाचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्यात पाच-पाच लाखांची अडीच लाख कामं बसतील. आपल्या या एका अर्जाने पाण्याची लाइन अडणार नाही आणि अर्ज मागे घेतल्याने ती येणारही नाही. जलवाहिनीचं काम पाच लाखांत होत नसतं, ते वेगळ्या लेखाशीर्षाखाली, वेगळ्या टेबलावर असतं.

आणि बाग ही पोट भरल्यावरची गोष्ट नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, त्यात नागरी संस्थांकडे द्यायच्या १८ विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा त्यात आहे, रस्ते आहेत आणि बागा, उद्यानं, क्रीडांगणंही आहेत, बाराव्या क्रमांकावर.

टँकरग्रस्त

अनुसूचीतलं पाणी टँकरला पुरत नाही ओ. असो. चालू द्या.

माजी_अभियंता

मी एका महापालिकेत (पुण्याच्या नव्हे) स्थापत्य विभागात नोकरी करून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडून चार गोष्टी सांगतो.

बाकडी नगरसेवकांना नावासाठी हवी असतात असं सगळे म्हणतात. ते आहेच. पण बाकडं हे आमच्यासाठीही फार सोयीचं काम असतं. त्याचा दर ठरलेला, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) एका दुपारी तयार, तांत्रिक मंजुरीत कुणी प्रश्न विचारत नाही. ठेकेदार टेम्पोतून आणून ठेवतो, मोजमाप पुस्तिकेत 'नग' लिहिलं की झालं. बिल मार्चच्या आत निघतं. फेब्रुवारीत शिल्लक पडलेला निधी खर्ची टाकायचा असेल तर बाकड्यासारखी दुसरी वस्तू नाही. ओपन जिम दुसऱ्या नंबरावर.

माळी नगांत मोजता येत नाही. त्याचा पगार महसुली (रोजच्या) खर्चात, बाकडं भांडवली (नव्या वस्तू-बांधकामांच्या) खर्चात. या दोन खिशांतले पैसे एकमेकांत सहजासहजी जात नाहीत. तुमच्या अर्जातून तुम्हाला 'काम' मिळतं, माणूस मिळत नाही. त्यामुळे बागेची खरी अडचण माणसांची असेल (आणि ती बहुतेक वेळा तीच असते), तर ती या अर्जातून सुटणार नाही.

मग काय सुचवायचं? ज्याने माणसाचं काम कमी होईल ते. निदान ज्याने वाढणार नाही ते.

सोनचाफा

माजी_अभियंता सर, हे सोन्यासारखं आहे. शेवटचं वाक्य गटावर टाकलंय. तीन जणांनी अंगठा दिला, एकाने विचारलं 'मग बाकडी नकोत का?'

सदाशिव_नाही

😂 बाकडं अमर आहे.

पाळणाघरवाली

नवीन काही आणण्याआधी झोपाळा बघा कुणीतरी. मी मुलीला घेऊन रोज जाते. डावीकडच्या झोपाळ्याची साखळी वर ज्या कडीत अडकवली आहे ती कडी आतून झिजत झिजत सुतळीएवढी बारीक राहिलीय. खालून दिसत नाही, कारण वरच्या पाइपला पिवळा रंग नवाकोरा आहे. रंगवणाऱ्याने कडीवरूनही ब्रश मारलाय. मी मोबाइल वर धरून फोटो काढला तेव्हा कळलं. खालची माती पायांनी उकरून खड्डा झालाय तो वेगळाच, तिथे पावसाळ्यात डबकं.

रखवालदारकाकांना दाखवलं. ते म्हणाले, ताई, मी फक्त गेटचा.

माजी_अभियंता

ही तक्रार आहे, काम नव्हे. या अर्जात घालू नका. घातलंत तर पुढच्या एप्रिलनंतर कधीतरी होईल, तोवर कडी तुटेल. आजच मनपाच्या तक्रार प्रणालीवर फोटोसकट टाका, टोकन क्रमांक घ्या, आणि ठेका कुणाचा ते विचारा. खेळणी बसवून थोडाच काळ झाला असेल तर दोषदायित्व कालावधी चालू असेल, त्यात ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. त्याची सुरक्षा अनामत तोवर अडकलेली असते. हे कुणी विचारत नाही म्हणून कुणी करत नाही.

आणि आज घरी जाताना त्या झोपाळ्याला दोरीने बांधून ठेवा.

पाळणाघरवाली

बांधला. ओढणीने बांधलाय सध्या.

सकाळचे_सहा

आम्ही सकाळी सहाचे. बारा-पंधरा ज्येष्ठ नागरिक नियमित येतो. आमची मागणी साधी आहे. ट्रॅक सपाट हवा. सध्याच्या फरशांचे कोपरे झाडांच्या मुळांनी वर आलेत, मागच्या पावसाळ्यात आमच्यातले एक जण पडले, खुब्याचं हाड मोडलं. पेव्हिंग ब्लॉक बसवून घ्या, छान होईल.

बहावा

काका, पडलेल्यांना लवकर बरं वाटो. पण मुळं वर का आली ते बघा ना. त्या ट्रॅकवरच्या झाडांना बुंध्यापर्यंत सिमेंटने आवळलंय. पाणी आत जायला जागा नाही, मग मुळं हवा-पाणी शोधत वर येणारच. नवीन ब्लॉक बसवाल तर थोड्या वर्षांनी तेही उचकटणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आदेश दिल्लीचा असला तरी झाड पुण्यात वेगळ्या पद्धतीने श्वास घेत नाही.

माझी सूचना: ब्लॉक 'बसवणे' नव्हे, 'काढणे'. झाडांभोवतीची मीटरभर जागा मोकळी करायची, ट्रॅक तिथे थोडा वळवायचा, आणि चालायला मुरूम दाबून घ्यायचा. गुडघ्यांनाही बरा. आणि झाडं लावायचीच असतील तर कोनोकार्पस (ते परदेशी शोभेचं झाड) सोडून काहीही. गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. बहावा, कांचन, ताम्हण, काटेसावर लावा. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प, आणि आपल्या बागेत एकही नाही.

सकाळचे_सहा

मुरुमात पावसाळ्यात चिखल होतो.

बहावा

नीट दाबला आणि उतार दिला तर होत नाही. पण हो, कोण दाबणार हा प्रश्न आहे, मान्य.

माजी_अभियंता

काढण्याचं काम कुणी सुचवत नाही, आणि ते दरसूचीत (कामांच्या सरकारी दरांच्या यादीत) असतं बरं का. 'काढून रचून ठेवणे' अशी बाब असते. निघालेले ब्लॉक दुसरीकडे वापरता येतात. मुरमाऐवजी काकांसाठी एक पट्टा सिमेंटचाच ठेवा, फक्त झाडांपासून लांबून न्या. दोन्ही होईल.

एमपीएससी_पुन्हा

माझी सूचना बहुतेक कुणाला आवडणार नाही. बाग दुपारी उघडी ठेवा.

मी अभ्यासिकेत बसतो. एक वाजता डबा खायला बाहेर पडलो की बागेच्या गेटला कुलूप. मग आम्ही फुटपाथच्या कट्ट्यावर डबा उघडतो. आमचं जाऊ द्या, आम्ही काय, आज इथे उद्या पोस्टिंग (झाली तर). पण त्याच फुटपाथवर रोज घरकाम करणाऱ्या सात-आठ मावश्या बसलेल्या असतात. सकाळची कामं बाराला संपतात, दुपारची तीनला सुरू होतात. मधल्या वेळात घरी जाऊन यायला बसभाडं परवडत नाही. त्या बागेच्या कंपाउंडला पाठ टेकून बसतात. भिंतीच्या पलीकडे झाडं, सावली, ढीगभर बाकडी, सगळं कुलपात. कळकट स्टीलचा डबा, लोणच्याची फोड झाकणात, आणि मधून मधून दुचाकी अंगावरून गेल्यासारखी जाते.

याला एक पैसा लागत नाही. नुसतं कुलूप काढायचं.

पाळणाघरवाली

+१. हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. रोज तिथूनच जाते.

सकाळचे_सहा

सैद्धांतिक दृष्ट्या छान. व्यवहारात दुपारी बाग उघडी ठेवली की कोण येतं हे आम्हाला माहीत आहे. कोपऱ्यात युगुलं, पत्त्यांचे डाव, बाटल्या. सकाळी सहाला त्या बाटल्या आम्ही उचलतो. पूर्वी उघडी असायची, म्हणूनच बंद केली.

सदाशिव_नाही

काका, युगुलांनी तुमचं नेमकं काय घोडं मारलंय? पुण्यात दोन माणसांनी शांत बसायला पैसे न देता जागा उरलीय का कुठे? कॅफेत कॉफी दोनशेच्या पुढे.

सकाळचे_सहा

तुमची मुलगी दहावीला गेली की बोलू.

सोनचाफा

कृपया धाग्याचं काश्मीर करू नका. बाटल्यांचा मुद्दा खरा आहे, मावश्यांचाही खरा आहे. युगुलांसाठी वेगळा धागा काढा, शतक नक्की होईल.

गणिताचे_सर

फुकट नाही ते. दुपारी बाग उघडी म्हणजे दुपारी रखवालदार. पाच लाख भागिले बारा, महिन्याला एक्केचाळीस हजार सहाशेच्या आसपास. एका माणसाची पाळी त्यात आरामात बसते. पण माजी_अभियंता म्हणतात तसं या अर्जातून माणूस मिळत नाही. म्हणजे पाच लाखांची बाकडी मिळतील आणि त्यांवर बसायला आत सोडणारा माणूस मिळणार नाही. मी आयुष्यभर मुलांना शाब्दिक उदाहरणं घातली, असलं एकही सुचलं नाही.

अंदाजपत्रक_वाचक

रखवालदार आणि माळी बहुतेक ठिकाणी ठेक्यावर असतात. ठेक्याच्या अटी-शर्तींत किती माणसं, कुठल्या पाळीत, पाणी किती वेळा, हे लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात त्या निविदेची आणि शेवटच्या तीन बिलांची प्रत मागा. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे. कागदावर तीन माणसं असतील आणि गेटवर एकच दिसत असेल, तर दुपारच्या पाळीचा प्रश्न तिथेच सुटला.

चाकांवर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता लिहितो. मी व्हीलचेअर वापरतो. या बागेच्या आत मी अजून गेलेलो नाही.

गेटमध्ये दुचाक्या घुसू नयेत म्हणून तीन लोखंडी पाइप नागमोडी पुरलेत. माणूस अंग तिरकं करून जातो. खुर्ची तिरकी होत नाही. त्या पाइपांच्या आधी सहा इंचांची पायरी. मोठं गेट आहे, ते पालखीला आणि कचऱ्याच्या गाडीला उघडतं. रखवालदार चांगला आहे, म्हणतो साहेब उघडतो, पण किल्ली दुसऱ्याकडे असते.

लागतं काय? पाइपांमध्ये ९० सेंटिमीटर मोकळी जागा, आणि सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. एकास बारा हे प्रमाण केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. दुचाकी ९० सेंटिमीटरमधूनही घुसेल हे मला माहीत आहे. मग दुचाकीवाल्याला दंड करा, मला का?

शिवाय स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. म्हणजे याचे पैसे तुमच्या पाच लाखांतून काढायचीही गरज नाही.

सोनचाफा

@चाकांवर, हे पहिलं. बाकी सगळं यानंतर.

कोपऱ्यावरचा

कारंज्याचा आग्रह मी सोडतो. गेट करा.

सध्या_पॅरिस

थोडं अवांतर, पण चालेल. इथे पॅरिसमध्ये २०१४ पासून नगरपालिका गुंतवणुकीच्या पैशांतला पाच टक्के हिस्सा लोकांच्या मतावर ठरवते. सूचना लोकांच्या, छाननी पालिकेची, आणि मग सरळ मतदान. त्यात वयाची आणि नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे माझ्यासारखा परदेशी आणि माझी आठ वर्षांची लेकही मत देते. तिने शाळेच्या अंगणातलं डांबर काढून झाडं लावायला मत दिलं. या सगळ्याची सुरुवात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ ला झाली. पुण्याने २००६ ला सुरू केलं म्हणजे पॅरिसच्या आठ वर्षं आधी. तुमच्याकडे मतदान असतं का?

अंदाजपत्रक_वाचक

नसतं. सूचना क्षेत्रीय कार्यालयात तपासतात, प्रभाग समितीपुढे जातात, मग मुख्य अंदाजपत्रकात. आपण सुचवतो, ठरवतात दुसरेच. आणि ठरलेलंही टिकतं असं नाही. वर्षाच्या मध्यात 'वर्गीकरण' नावाचा प्रकार असतो: एका कामासाठी ठेवलेली रक्कम स्थायी समिती आणि मुख्य सभेच्या मंजुरीने दुसऱ्या कामाकडे वळवायची. तुमच्या बागेचे पाच लाख दिवाळीनंतर कुठल्यातरी कमानीत दिसू शकतात. म्हणून फक्त अर्ज करून थांबू नका, एप्रिलमध्ये छापील अंदाजपत्रकात काम सापडतंय का ते बघा.

याशिवाय 'स' यादी असते, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं. तो रस्ताही मोकळा आहे. १४ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच होते, कुणाकडे जायचं कळत नव्हतं. आता १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर माणसं परत आलीत. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक.

सदाशिव_नाही

एका प्रभागात चार नगरसेवक. म्हणजे चारही जण सांगतात, ते काम दुसऱ्यांकडे आहे.

बागेशेजारी

माझी गॅलरी बागेवर आहे. एकच विनंती. स्पीकर नको. भक्तिगीतं असोत की गझल. सहाच्या मंडळींचा हास्यवर्ग पुरेसा आहे.

दुसरं: वाळलेली पानं जाळतात ते थांबवा. डिसेंबर ते मार्च आमच्या घरात धूर असतो.

बहावा

पानांसाठी जाळीचे पिंजरे करा, चार बाय चार फुटांचे. बागेच्या कोपऱ्यात ठेवले की पानं तिथेच कुजतात, खत तिथेच वापरायचं. माळ्याचं पोती भरायचं आणि वाहायचं कामही वाचतं. माजी_अभियंता यांच्या कसोटीला उतरतंय.

माजी_अभियंता

उतरतंय. तशीच आणखी एक बाब म्हणजे पाणी. माळी एक लांब नळी घेऊन दिवसभर फिरत असेल तर त्याचा निम्मा वेळ त्यातच जातो. ट्रॅकच्या कडेने पाइप टाकून जागोजागी कॉक द्या, झाडोऱ्याला ठिबक. आणि टाकी अशा जागी की सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाण्याचा टँकर तिथवर पोहोचेल. @टँकरग्रस्त, हे तुमच्यासाठी. बागेने पिण्याचं पाणी पिऊ नये.

टँकरग्रस्त

हे मान्य. याला माझी सही.

सोनचाफा

रविवारी सकाळी बागेतच बैठक झाली. चारपैकी दोन नगरसेवक आले (एक ताई, एक दादा), क्षेत्रीय कार्यालयातले एक अभियंता आले, आणि आपल्यातले बरेच जण. त्याचा वृत्तांत, थोडा माझ्या शब्दांत.

ताईंनी आल्या आल्या 'चाकांवर' यांना विचारलं, मोठं गेट उघडायला कुणाकडे किल्ली आहे? कुणाला सांगता येईना. अर्धा तास किल्ली शोधण्यात गेला. मला वाटतं त्या अर्ध्या तासाने जे पटलं ते आपल्या सगळ्या पोस्टींनी पटलं नसतं. अभियंत्यांनी तिथेच टेपने पाइपांमधलं अंतर मोजलं. एक पाइप काढून दुसऱ्या जागी लावायचा आणि उतार करायचा, हे दिव्यांग निधीतून प्रस्तावित करू म्हणाले. लेखी द्या असं आम्ही म्हणालो, तर ते म्हणाले, तुम्ही लेखी मागा, मग मी लेखी देतो. मागितलं.

दादांचा जोर ओपन जिमवर होता. आहे ती जिम गंजलीय हे दाखवलं. सायकलच्या पेडलचं बेअरिंग गेलंय, पाय ठेवला की खडखडतं. ते म्हणाले, म्हणूनच नवीन देतो. गणिताचे सर म्हणाले, वंगण द्या. यावर दादा हसले, पण नवी जिम 'स' यादीत येणार असं माझं मन सांगतं.

झाडांभोवतीचं सिमेंट काढायला अभियंते तयार, फक्त म्हणाले उद्यान आणि स्थापत्य अशा दोन खात्यांचा विषय आहे. म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. बहावा यांनी प्रत्येक झाडाचं नाव आणि बुंध्याचा घेर लिहिलेला कागद आणला होता, तो त्यांनी ठेवून घेतला.

झोपाळ्याची कडी बदलली. बैठकीच्या आदल्या दिवशी. दोन्ही झोपाळ्यांची.

दुपारी बाग उघडण्यावर मात्र जमलं नाही. सहाच्या मंडळींनी विरोध केला, आणि खरं सांगायचं तर तो नुसता खडूसपणा नाही, बाटल्या उचलायचा त्यांना कंटाळा आलाय. एमपीएससी_पुन्हा यांनी तीन मावश्यांना बोलावून आणलं होतं. त्यातल्या एक म्हणाल्या, आम्हाला आत बसू द्या, बाटली आणणाऱ्याला आम्हीच हाकलतो, रोज घरी तेच करतो. सगळे हसले, काका हसले नाहीत. शेवटी ताई म्हणाल्या, तीन महिने करून बघू, रखवालदाराच्या पाळीचा कागद आधी हातात येऊ दे. माहिती अधिकाराचा अर्ज गेलाय.

अर्ज दोन ठरले. एक: टाकी, पाइप, कॉक आणि ठिबक. दोन: झाडांभोवतीचं सिमेंट काढणे, ट्रॅकची दुरुस्ती आणि पानांचे पिंजरे. कारंज्यात माती भरून ताम्हण लावायचं, त्याला अर्ज नको, सोसायट्या करतील. परवानगी तेवढी मागितलीय.

सकाळचे_सहा

दोन्ही अर्जांवर आमच्या गटाच्या सह्या देतो. दुपारी बाग उघडण्याच्या वेगळ्या अर्जावर देणार नाही. माझं मत बदललेलं नाही.

एमपीएससी_पुन्हा

काका, चालेल. मावश्यांच्या सह्या झाल्या. एकीने अंगठा दिलाय, चालतो ना?

माजी_अभियंता

चालतो. शेजारी साक्षीदाराची सही आणि नाव घ्या. आणि दोन अर्जांची कामं एकत्र करू नका कुठेही, रक्कम पाच लाखांवर गेली की दोन्ही बाद होतील. पहिल्या अर्जात टाकीचा आकार लिहा, 'मोठी टाकी' लिहू नका.

सोनचाफा

'कामाचे ठिकाण' या रकान्यात काय लिहायचं? सर्व्हे नंबर कुणालाच माहीत नाही.

अंदाजपत्रक_वाचक

बागेचं नाव, प्रभाग क्रमांक, आणि जवळची खूण. शक्य असेल तर नकाशाची लिंक छापून जोडा. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि आवक क्रमांक इथे टाका.

कोपऱ्यावरचा

उद्या साडेदहाला मी जातोय कार्यालयात. कुणाच्या सह्या राहिल्या असतील तर सकाळी नऊपर्यंत दूधवाल्याच्या दुकानात फाइल आहे.